सायकल पदपथावर का चढते?

श्रोतेहो, नमस्कार.

पदपथावरून कोणी सायकल दामटत आले की आपल्या कपाळाला आठी पडते, आणि ती पडणे रास्तच आहे. माणूस ताशी 5 किलोमीटर वेगाने चालतो, सायकल मात्र सहज 20 च्या वेगाने धावते. वेग चौपट झाला की तेवढ्याच वजनाचा धक्का 16 पट ऊर्जेने बसतो. तरीही त्या सायकलस्वाराला बोल लावण्याआधी, तो रस्ता सोडून वर का चढला, हे पाहायला हवे.

त्यासाठी एखादी सायकल मार्गिका शेवटपर्यंत पायी चालून पाहावी. सुरुवातीला ठळक रंग आणि सायकलचे चित्र असते. थोडे पुढे गेले की मधोमध विजेचा खांब उभा असतो. मग पावसाचे पाणी जाण्यासाठी बसवलेली जाळी लागते, आणि तिच्या फटी नेमक्या चाकाच्या दिशेने असतात. जेमतेम 25-30 मिलिमीटर रुंदीचे टायर त्या फटीत रुतले, तर स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. तीच जाळी आडवी बसवली असती, तरी पाणी गेलेच असते! पुढची मार्गिका उभ्या मोटारींना खेटून आखलेली असते, म्हणजे कोणाचे दार कधी अंगावर उघडेल याचा नेम नाही. आणि चौक आला, जिथे तिची खरी गरज, तिथे ती गुप्तच होते.

अशा वेळी पदपथावर चढले की हायसे वाटते, पण ही सुरक्षितता फसवी असते. फाटकातून गाडी बाहेर काढणारा चालक पदपथावर चालणारी माणसे गृहीत धरतो. सेकंदाला साडेपाच मीटर कापत येणारी सायकल त्याला दिसेपर्यंत समोर आलेली असते. ती उलट दिशेने येत असेल तर तो तिकडे पाहतही नाही.

जपानने 1970 मध्ये कायदा बदलून ठरावीक पदपथांवर सायकलला मुभा दिली. वाढत्या मोटारींपासून सायकलस्वारांना वाचवण्याचा हा उपाय होता, पण त्यामुळे सायकलचा प्रश्न रस्त्यावरून उचलून पादचाऱ्यांच्या अंगावर टाकला गेला, असे मला वाटते. नेदरलँड्सने दुसरी वाट धरली. तिथे 1971 या एका वर्षात रस्ते अपघातांत सुमारे 3,300 माणसे दगावली, त्यांत 400 हून अधिक मुले होती. लोक रस्त्यावर उतरले आणि पुढे रस्त्यांची आखणीच बदलत गेली. तिथल्या अनेक गल्ल्यांच्या तोंडाशी आज सायकल मार्गिका आणि पदपथ आपल्या उंचीवरच सरळ पुढे जातात, आणि वळणाऱ्या मोटारीलाच वेग कमी करून तो उंचवटा चढून पलीकडे उतरावे लागते.