सुटून आलेला माणूस

श्रोतेहो, नमस्कार. रहस्यकथांमध्ये मला पोलिसापेक्षा शिक्षा भोगून गावी परतलेला माणूस जास्त ओढून घेतो. 'त्या रात्री खरं काय झालं?' हे विचारत तो दारोदार फिरतो, आणि मनात प्रायश्चित्ताचीही तळमळ असते. पण इथे एक पेच आहे. तो निर्दोष असेल, तर प्रायश्चित्त कसलं? आणि खून त्यानंच केला असेल, तर शोधायचं काय उरलं?

याला मला एकच वाट दिसते. त्याचं त्यालाच ठाऊक नसावं. समजा, हर्णैच्या बाजूचा एक खलाशी. दर्यात रात्री दारूच्या तारेत भांडण झालं, कुणाच्या तरी डोक्यात वल्हं बसलं, माणूस पाण्यात गेला. तांडेलानं, म्हणजे होडीच्या म्होरक्यानं, कोर्टात सांगितलं, 'वल्हं यानंच घातलं.' हा गप्प राहिला, कारण आठवतच नव्हतं.

पुढे लेखक हमखास लिहितात, 'चौदा वर्षं झाली, सुटला.' अहो, जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य! खुनाच्या जन्मठेपेत साधारणपणे १४ वर्षं भरल्याशिवाय सरकार सूट देऊन सोडू शकत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. पुढचं सगळं अर्ज-अहवालांवर. त्या वाट पाहण्यावरच एक प्रकरण लिहिता येईल, पण असो.

मी त्याला जूनमध्ये गावात आणीन. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या, खलाशी पडवीत जाळी तुणत बसलेले. तांडेलाला आता दर्यावर निघून जायची सोय नाही. पाठलाग नको, पिस्तूल नको. बाहेर पाऊस, आत दोघं समोरासमोर, आणि मध्ये चहा निवतोय.

तरी तांडेल बोलणार नाही. दिवाळी जाईल, फाल्गुन येईल. शिमग्यात गावदेवीची पालखी घरोघर जाते. याच्या अंगणात ती येणार का, हे मानकरी ठरवतील. आईनं अंगण सारवून ठेवलंय, ओटीचं ताट भरून ठेवलंय. ढोल पाणंदीतून जवळ येतोय. पालखीला पुढून खांदा दिलाय तो त्याच तांडेलानं, आणि फाट्यावर येऊन त्याची पावलं जड झालीयेत.

हे पान मी दोनदा वाचीन. नमस्कार.