खुर्च्या गोल मांडा

(पडद्यावर: चर्चच्या सभागृहाचं अर्धवट उघडं दार. आतून खुर्च्या सरकवल्याचा आवाज.)

रविवार, दुपारचे तीन. वसईतलं एक धर्मग्राम, म्हणजे एका चर्चचा परिसर. सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, केव्हाच आटोपली, माणसं घरी जेवूनही झाली. सभागृहात दहा-बारा तरुण मुलंमुली घामाघूम झालीत. काल कुणीतरी हौसेनं खुर्च्या रांगेत लावून ठेवल्या होत्या, सगळ्यांची तोंडं स्टेजकडे. गेल्या वर्षीच्या युवा दिनाला असंच होतं. भाषणं झाली, टाळ्या झाल्या, आणि प्रत्येक जण ज्याच्यासोबत आला त्याच्यासोबतच परत गेला. म्हणून आज रांगा मोडायच्या आणि सहा-सहा खुर्च्यांचे गोल करायचे.

आज ख्रिस्तराजाचा सण. 2021पासून धर्मप्रांतांमध्ये, म्हणजे एकेका बिशपांच्या भागात, कॅथलिक तरुणांचा जागतिक युवा दिन याच रविवारी होतो; आधी तो ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी असायचा. 2023 साली लिस्बनला युवा दिनाच्या जागतिक मेळाव्यात पोप फ्रान्सिस यांच्या मिस्साला 15 लाखांच्या आसपास माणसं जमली होती. इथे साठ-सत्तर आली तरी सभागृह भरेल.

ही मंडळी विशी-तिशीतली. शाळेच्या वयात धर्मशिक्षणाचे वर्ग असतात, पुढे दृढीकरण, म्हणजे श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार, होतं. लग्न झालं की दांपत्यांचे मेळावे. मधली वर्षं मात्र लोकलमध्ये जातात. सकाळी सातला वसई रोडहून निघालेलं पोर रात्री नऊला घरी येतं. चर्चमध्ये दिसलंच तर मागच्या दाराशी, उभं.

(जवळून: टेबल, जाड मार्कर, पांढरे चौकोनी स्टिकर.)

दाराशी नावं लिहायला बसलेली मुलगी नर्स आहे. रात्रपाळी करून आली आहे, डोळे अजून जड आहेत. तिचा एकच नियम : फक्त नाव लिहायचं, आडनाव नाही. का, असं आम्ही विचारलं.

“आडनाव दिसलं की, ‘कुठल्या आळीतला? कुणाचा भाचा?’ सुरू होतं. आपल्याला बरं वाटतं. पण बाहेरून आलेल्यानं काय सांगायचं?”

आमच्या मते आजच्या दिवसाचं सगळं मर्म या उत्तरात आहे. वसईत ‘कुणाचा रे तू?’ हा मायेचा प्रश्न. पण आता याच चर्चमध्ये तामिळनाडूची, केरळची, झारखंडची पोरं येतात. वालीव-गोखिवऱ्याच्या कारखान्यांत कामाला असलेली. त्यांचा इथे ना मामा, ना आळी. मराठी मिस्साला ती शेवटपर्यंत थांबतात, गाणी ओठांवर धरायचा प्रयत्न करतात आणि मुकाट निघून जातात.

याच वसईत संत गोन्सालो गार्सिया जन्मले. व्यापार सोडून ते फ्रान्सिस्कन ब्रदर, म्हणजे संत फ्रान्सिस यांच्या संघातले व्रतस्थ, झाले आणि जपानी येत होती म्हणून जपानात दुभाषी झाले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत त्यांना क्रुसावर मारलं गेलं. 1862 साली ते संत म्हणून घोषित झाले. त्यांच्या हौतात्म्याबद्दल इथे पुष्कळ बोललं जातं. त्यांच्या दुभाषेपणाबद्दलही बोलावं, असं आम्हाला फार वाटतं. दोन अनोळखी माणसांच्या मधे उभं राहायचं, एकाचं म्हणणं दुसऱ्यापर्यंत न्यायचं : वसईच्या एका मुलानं हे केलं होतं.

(सभागृह भरतंय. गिटारचे सूर जुळवले जाताहेत.)

साडेचारला दाराशी एक मुलगा येऊन थबकतो. तुतुकुडीचा आहे. नर्स देवनागरीत त्याचं नाव लिहून देते. तो मार्कर मागून घेतो आणि खाली तमिळमध्ये पुन्हा लिहितो. पण आत जाऊन बसत नाही. भिंतीला टेकून मोबाइल बघत राहतो.

एखाद्यानं त्याला हाताला धरून गोलात नेऊन बसवलं असतं. चहा वाटणाऱ्या मुलानं तसं केलं नाही. त्यानं किटली पुढे केली. “भाई, ज़रा पकड़ेगा? मैं कप लेके आता हूँ.”

आता किटली त्याच्या हातात, कप दुसऱ्याच्या. पहिल्या गोलात तो मान खाली घालून ओततो. दुसऱ्यात कुणीतरी स्टिकरवरची तमिळ अक्षरं बघून वाचायला सांगतं. तिसऱ्या गोलापर्यंत त्याला नावानं हाक येते, “इकडे पण आण रे!” चौथ्यात किटली रिकामी होते. एक खुर्ची मोकळी असते, आणि तो बसतो.

(संध्याकाळ. दिवे लागलेत.)

सात वाजले. फादर प्रार्थना करून गेले, गिटार खोळीत गेली. नर्सला रात्रीची ड्युटी आहे, ती पर्स उचलून निघते. तुतुकुडीचा मुलगा अजून आहे. पाच-पाच खुर्च्यांची चळत करून तो कोपऱ्यात नेतो आहे आणि किटली कुठे धुवायची, ते विचारतो आहे.