डाकोटांची लढाई

मित्रहो, हवाई दलाचं युद्ध म्हटलं की आपल्याला लढाऊ वैमानिक आठवतात. मी आज बोलणार आहे ते माल वाहणाऱ्यांविषयी. १९४७-४८च्या काश्मीर युद्धात डाकोटा ही मालवाहू विमानं नसती, तर श्रीनगर, पूंछ आणि लेह या तिन्ही ठिकाणी आपल्याला वेळेवर पोहोचताच आलं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

फाळणीत विमानांचीही वाटणी झाली. आपल्या वाट्याला वाहतुकीची एकच स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी आली, १२ नंबरची. २७ ऑक्टोबर १९४७च्या सकाळी कर्नल रणजित राय यांची शीख पलटण दिल्लीहून श्रीनगरला निघाली, तेव्हा खासगी कंपन्यांच्या डाकोटाही कामाला जुंपाव्या लागल्या. हुकूम असा होता, की आधी वरून घिरट्या घालून पाहा, धावपट्टी पाकिस्तानातून घुसलेल्या टोळीवाल्यांच्या हातात गेलेली दिसली तर उतरू नका, जम्मूला जा. विचार करा, खाली कोण आहे हे ठाऊक नसताना मागे सैनिक भरलेलं विमान घेऊन तुम्ही उतरताय!

पूंछची गोष्ट तर अंगावर काटा आणते. गावाला वेढा पडलेला, आत हजारो निर्वासित अडकलेले. ब्रिगेडियर प्रीतम सिंग यांच्या सैनिकांनी आणि या निर्वासितांनी खपून धावपट्टी तयार केली. ती इतकी आखूड, की उतरताना जरा चूक झाली तर विमान थेट नाल्यात. एअर कमोडोर मेहेर सिंग, म्हणजे हवाई दलाचे 'बाबा', तिथे स्वतः पहिल्यांदा उतरले. शत्रूच्या तोफा दिवसा धावपट्टीवर मारा करू लागल्या, तेव्हा आपल्या तोफा रात्री पोहोचवायचं ठरलं. धावपट्टीच्या कडेनं कंदील लावलेले, आणि तेवढ्या उजेडावर तोफेचं ओझं घेतलेली डाकोटा खाली येतेय. सामान उतरलं की रिकाम्या विमानांतून बायका-मुलं, म्हातारी माणसं बाहेर काढायची. वर्षभर पूंछ जगलं ते याच विमानांवर.

बाँब टाकायलाही डाकोटाच. या विमानाला बाँबसाठी वेगळी सोयच नाही. मग काय, सामान चढवायच्या दारातून माणसांनी हातांनी बाँब ढकलायचे!

आणि लडाखमधलं लेह. शत्रू तिकडेही सरकत होता. २४ मे १९४८ला मेहेर सिंग काश्मीर आघाडीवरचे सेनानी जनरल थिमय्या यांना शेजारी घेऊन निघाले. वाटेत हिमालयाच्या रांगा, नकाशावर मळलेला हवाई मार्ग नाही. डाकोटाची केबिन हवाबंद नसते, त्यामुळे त्या उंचीवर श्वासाला हवा अपुरी पडते आणि इंजिनाचाही दम उणावतो. खाली दहा हजार फुटांहून उंचावर सोनम नोरबू या लडाखी अभियंत्यानं वाळूत आखलेली पट्टी होती. विरळ हवेत चाकं टेकताना वेग नेहमीपेक्षा जास्त असतो, आणि परत उडायला धावही लांब लागते. विमान उतरलं. पुढे काही दिवसांतच त्याच पट्टीवर गुरखा सैनिक उतरू लागले, आणि लेह वाचलं.