आकाराचा रकाना

(दृश्य : ओहोटीची वेळ. खाडीकाठचा बांध, उघडीतून वाहणारं पाणी.)

ही उघडी. लाकडाची फळी, भोवती दगड, वर चिखलाचा बांध. भरतीचं पाणी चढलं की फळी आपसूक मिटते. ओहोटी लागली की उघडते आणि शेतात साठलेलं पावसाचं पाणी खाडीत जाऊ देते. माणूस लागत नाही. पण बांध घालायला लागतो, आणि दर वर्षी फुटला की पुन्हा घालायला लागतो. अलिबाग तालुक्यातला हा खारेपाट, म्हणजे खाडीकाठची खारी जमीन, असाच समुद्राकडून एकेक टोपली चिखल टाकत मिळवलेला आहे.

ज्यांनी टोपल्या वाहिल्या त्यांच्या नावावर यातली गुंठाभर जमीनही नव्हती.

(दृश्य : सातबाऱ्याचा कागद. बोट एका रकान्यावर थांबतं.)

हा सातबारा. गट नंबर, क्षेत्र, कब्जेदाराचं नाव. आणि इथे, ज्याच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही असा रकाना : आकार. म्हणजे सरकारचा शेतसारा. आपल्या हातातल्या या कागदावर तो चार रुपये आणि काही पैसे आहे. वर्षाला. चहाचेसुद्धा पैसे होत नाहीत यात. तरी आपली सगळी गोष्ट या रकान्याभोवतीच फिरते.

कोकणातल्या खोती गावांत हा सारा शेतकरी सरकारला भरत नसे. मध्ये खोत असे. खोत मुळात वसुलीचा ठेकेदार. गावाचा सारा त्यानं सरकारात भरायचा आणि गावातून वसूल करून घ्यायचा. इंग्रजांच्या आधीपासूनची ही रीत. पुढे ती वंशपरंपरागत झाली, आणि 1880 च्या खोती कायद्यानं तिला छापील कागदात जागा मिळाली. सरकारला सोय होती. हजार कुळांच्या, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांच्या, दारात जाण्यापेक्षा एका वाड्याच्या दारात जाणं स्वस्त पडतं.

आता हिशेब बघा. सरकार खोताकडे मागायचं ते रोख आणि ठरलेलं. खोत कुळाकडे मागायचा ते पिकातून. अर्धेल म्हणजे निम्मं पीक, तिर्धेल म्हणजे तिसरा हिस्सा. भाताचा भाव वाढला तरी सरकारचा आकडा तेवढाच राहायचा, वाढलेलं सगळं मधल्या माणसाचं. या मधल्या पैशाला रीतसर नाव होतं, ‘खोती फायदा’. नाव ठेवणाऱ्यानं लाजसुद्धा ठेवली नाही, असं आमच्या संकलकाचं म्हणणं.

(दृश्य : पिवळं पडत आलेलं भात. म्हातारे हात लोंबी चोळतात.)

या आजोबांनी लहानपणी घरात जे ऐकलं ते त्यांच्याच हातांनी दाखवलं. पीक उभं असतानाच खोताचा कारकून बांधावर यायचा. खोत स्वतः येत नसे, तो अलिबागला, पेणला, नाहीतर मुंबईला. कारकून बांधावरून नजर टाकायचा, एखादी लोंबी चोळायचा, आणि सांगायचा, या खाचरात इतके मण. याला म्हणायचे अभावणी. पीक कापायच्या आधी पिकाचा अंदाज, आणि त्या अंदाजावर खोताचा हिस्सा. नंतर पाऊस लागून भात आडवं झालं तर ते कुळाचं नशीब.

अंदाज कारकुनाचा, त्यामुळे तो कधी कमी निघाला असं कुणाच्या आठवणीत नाही.

(दृश्य : कोनाड्यातली पायली. धूळ झटकली जाते.)

ही पायली. चार शेरांचं माप. काठ झिजलाय. मापताना वर शीग लावायची की काठाला सपाट करायचं, यावरून भांडणं व्हायची. आजोबांनी आम्हाला शीग लावून दाखवली. मूठभर दाणे वर राहतात. तेवढीच मूठ, पण खंडीभर भात मापताना ती किती वेळा पडते ते मोजा. शिवाय वेठ होती. खोताच्या घरी कार्य निघालं की कुळानं राबायला जायचं. आणि कबुलायत, म्हणजे जमीन कसण्याचा कुळानं लिहून दिलेला करार. दर वर्षी नवी कबुलायत, जमलं तर जमीनही बदलून. एकाच तुकड्यावर कूळ फार वर्षं टिकलं तर हक्क सांगेल, ही भीती. कबुलायतीवर अंगठा उठवणाऱ्याला वाचता येत नसे, हे वेगळं सांगायला नको.

(दृश्य : चरी गावाचा रस्ता, झाडाचा पार.)

27 ऑक्टोबर 1933. चरी. शेतकरी नेते नारायण नागू पाटील यांच्या पुढाकारानं इथे शेतकऱ्यांची सभा भरली. ठराव असा की खोताची जमीन कसायची नाही.

संप म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर गिरणी येते, भोंगा येतो. इथे शेतानं संप केला. नांगर आढ्याला टांगले. आणि यातला डावपेच समजून घेण्यासारखा आहे, म्हणून जरा थांबतो. खोताचा हिस्सा पिकात होता. पीकच नाही तर अर्धेल कशाची? अभावणी कशाची? कारकुनानं बांधावर येऊन गवत मोजायचं का? सरकारचा सारा मात्र आकारावर होता, पिकावर नव्हता. तो भरायचाच. म्हणजे जो फरक इतकी वर्षं खोताला पोसत होता, तो उलटा फिरला. जमीन पडीक ठेवून कुळांनी खोताला त्याच्याच हिशेबात अडकवलं. मराठीत इतक्या लढ्यांवर लिहिलं गेलं, पण एवढी साधी गणिती हुशारी असलेला दुसरा लढा आम्हाला तरी आठवत नाही.

(दृश्य : खारफुटी. खाडीच्या पाण्यात उभे बांधाचे अवशेष.)

पंचवीस गावं. सहा वर्षं. न कसलेल्या शेतात खारं पाणी शिरलं. लोकांनी लाकडं तोडून, मोळ्या विकून, मासळी धरून दिवस काढले.

डिसेंबर 1934 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीच्या शेतकरी परिषदेला आले. 17 सप्टेंबर 1937 ला त्यांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. मागणी सरळ होती : मधला माणूस काढा, कुळाला सरकारशी थेट जोडा, रयतवारी आणा. जानेवारी 1938 मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेले. अलिबागेतून 1937 मध्ये ‘कृषीवल’ हे वर्तमानपत्र सुरू झालं होतं, ते आजही निघतं. 1939 मध्ये, मोरारजी देसाई महसूलमंत्री असताना तडजोड झाली, संप मिटला, आणि त्याच वर्षीच्या कायद्यात ‘कूळ’ या शब्दाला पहिल्यांदा वजन आलं. पुढे 1948 चा कूळकायदा, 1949 चा खोती रद्द करणारा कायदा. आणि 1 एप्रिल 1957, कृषक दिन. त्या दिवशी कसणारं कूळ कायद्यानं जमिनीचा मालक मानलं गेलं.

फुकट नाही. किंमत द्यायचीच होती. ती कशावर ठरवायची? बाजारभावावर ठरवली असती तर कूळ पिढ्यान्‌पिढ्या फेडत बसलं असतं.

(दृश्य : पुन्हा सातबारा. तोच रकाना.)

ती ठरली या रकान्यावर. साध्या कुळासाठी आकाराच्या कमीत कमी वीस पट, जास्तीत जास्त दोनशे पट. म्हणजे आपल्या या कागदावरचे चार रुपये धरा. 80 रुपयांपासून 800 रुपयांपर्यंत, तेही हप्त्यांनी. ज्या कमी आकड्याच्या जोरावर खोत घरबसल्या खात होता, त्याच आकड्यानं त्याच्या जमिनीची किंमत केली. ‘32 ग’ची, म्हणजे कूळकायद्यातल्या किंमत ठरवण्याच्या कलमाची, ती जुनी फाईल आजोबांनी पत्र्याच्या पेटीतून काढून दाखवली. दोऱ्यानं बांधलेली. दोरा सोडू दिला नाही.

सगळ्यांना मिळाली असं नाही. कुणाचं नाव सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात कूळ म्हणून लागलंच नव्हतं, कुणाकडून आधीच जमीन सोडल्याचे राजीनामे लिहून घेतले होते. त्यांची पोरं मुंबईला गेली.

(दृश्य : शनिवार सकाळ. मांडव्याच्या रस्त्यावर गाड्या. मग एक उंच फाटक, कुलूप.)

गेटवेहून बोटीनं मांडवा, अलिबाग तालुक्यातलं बंदर. पुढे दोन्ही बाजूंना भिंती. आत हिरवळ, निळं पाणी, बंद खिडक्या. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. कलम 63, त्याच 1948 च्या कूळकायद्यातलं. त्यामुळे या भिंतींमागच्या ज्या जमिनी अजून बिनशेती झालेल्या नाहीत, त्यांचे मालक कागदोपत्री शेतकरी आहेत. यातल्या एकाही शेतकऱ्याचे पाय आम्हाला चिखलात दिसले नाहीत, पण आम्ही शनिवारीच गेलो होतो, म्हणजे वेळ त्यांचीच होती.

(दृश्य : जवळून. फाटकाच्या सळईत खोचलेला कागद.)

हे ग्रामपंचायतीचं घरपट्टीचं बिल आहे. राखणदार बाहेर येतो. इथलाच आहे, बाजूच्या गावचा. त्याच्या आजोबांचं शेत कुठे होतं असं विचारलं तर त्यानं हात मागे केला, भिंतीच्या आत कुठेतरी. बिल उलगडून त्यानं मोबाईलवर फोटो काढला.

“साहेबांना पाठवतो. ते भरतात तिकडून.”

साहेब कधी येतात?

“शनिवारी. आले तर.”

(दृश्य : तो कागद घडी घालून खिशात ठेवतो. फाटक बंद होतं. मागे खाडीचा आवाज.)