सायकल कशाला बांधली होती?

नमस्कार श्रोतेहो.

सुट्टीला परदेशी जाताना स्वतःची सायकल बरोबर नेणारी मंडळी आता बरीच झाली आहेत. तिकडे भाड्यानं मिळते की, असं कुणी म्हटलं तर त्यांना ते लागतं. त्यांचंही खरं आहे. अंगाला बसलेली सायकल ती सायकल. तर न्या. पण नेण्याआधी तिचा विमा काढा, आणि काढलेला विमा वाचा. पुन्हा सांगतो, काढा आणि वाचा. या दोन कामांतलं पहिलंच बहुतेक जण करतात.

समज असा असतो की प्रवास विमा आहे, त्यात सामान येतं, आणि सायकल म्हणजे सामानच. पण सामानाची एकूण रक्कम कितीही मोठी दिसली, तरी त्यात एका वस्तूची मर्यादा वेगळी लिहिलेली असते, आणि चांगली सायकल त्या मर्यादेत मावत नाही. काही पॉलिसींमध्ये तर सायकल चालवताना झालेलं नुकसान सरळ वगळलेलं असतं. घराच्या विम्यात सायकल घातली असेल, तर ती देशाबाहेर चालते का आणि किती दिवस, हे विचारून घ्या. या दोन्हींत भागत नसेल तर खास सायकलचा विमा मिळतो. त्यात मात्र एक कुलपाचं कलम असतं, आणि त्या कलमासाठीच मी आज इथं बसलोय.

माझ्या ओळखीत दोन साडू आहेत. दोघांनाही सायकलचं वेड. थोरल्यांची सायकल जुनी, दणकट, पुढं खणखणीत घंटी. (हल्ली महागड्या सायकलींना घंटी लावायची लोकांना लाज वाटते. मागून भुतासारखे येतात आणि कानाशी ‘एक्सक्यूज मी’ म्हणतात. दचकवायचं आणि वर माफी मागायची! घंटी लावा हो. असो.) धाकट्यांची सायकल कार्बनची, एका बोटावर उचलावी अशी. कुलूपही तसंच, बारीक केबलचं. थोरल्यांकडे मात्र जाडजूड साखळी. धाकटे चेष्टा करायचे, “दादा, साखळीला सायकल बांधताय की सायकलला साखळी?” थोरले हसायचे आणि साखळी पिशवीत टाकायचे.

दोघांचा विमा एकाच कंपनीचा, एकाच संध्याकाळी काढलेला. कलमं तीच. थोरल्यांनी ती छापून घेतली, चष्मा लावून वाचली, पेन्सिलीनं खुणा केल्या. धाकट्यांनी ‘मला मान्य आहे’ या चौकोनात टिक केली.

परदेशात एका लहान गावात दोघं दुपारी जेवायला थांबले. धाकट्यांनी सायकल भिंतीला टेकवली, पुढचं चाक आणि फ्रेम यांच्यातून केबल घातली, कुलूप लावलं. थोरल्यांनी लोखंडी कठडा शोधला, फ्रेम आणि मागचं चाक साखळीत घेतलं आणि साखळी कठड्याला आवळली. धाकटे दारात ताटकळत उभे. “दादा, जेवायला जायचंय, गुरं बांधायला नाही!”

जेवून बाहेर आले, तर भिंत होती, कठडा होता, सायकली नव्हत्या. दोन्ही नव्हत्या. कठड्याखाली थोरल्यांची साखळी पडली होती, कापलेली. धाकट्यांची तर कसलीच खूण नाही. सायकल गेली ती कुलपासकट.

धाकटे डोक्याला हात लावून बसले. थोरल्यांनी मोबाइल काढला. साखळीचा फोटो, कठड्याचा फोटो, रस्त्याचा फोटो. मग ती कापलेली साखळी उचलून पिशवीत घातली. धाकटे चिडले, “अहो, सायकल गेली, आता साखळी कशाला घेताय ओझ्याला?” थोरले म्हणाले, “कुलूप तोडल्याचा पुरावा मागतात. लिहिलंय.”

पोलीस चौकी दुपारची बंद होती. धाकट्यांना पुढची गाडी पकडून मुक्काम गाठायचा होता, तक्रार काय, सवडीनं देऊ. थोरले पायरीवर बसले. “चोवीस तासांच्या आत. लिहिलंय.” चौकी उघडली. पोलिसानं विचारलं, सायकलचा नंबर काय? थोरल्यांनी मोबाइलमधला फोटो दाखवला. फ्रेमच्या तळाला, पेडलची दांडी जिथं बसते तिथं कोरलेला नंबर. पोलिसानं मग धाकट्यांकडे पाहिलं. धाकटे म्हणाले, “काळी आहे.”

घरी आल्यावर विमा कंपनीचा फॉर्म आला. त्यात एक प्रश्न होता: सायकल कशाला बांधली होती? थोरल्यांनी लिहिलं, लोखंडी कठड्याला. धाकटे बराच वेळ पेन धरून बसले. माणूस प्रामाणिक, शेवटी त्यांनी लिहिलं, “सायकललाच.”

आता निकाल ऐका. थोरल्यांचा क्लेम मंजूर झाला. पॉलिसी ‘जुन्याऐवजी नवी’ या प्रकारची, म्हणजे घसारा, वापरानं उतरलेली किंमत, कापत नाहीत. त्यांचं जुनं मॉडेल बनायचं कधीच बंद झालेलं, म्हणून त्या तोडीची नवी कोरी सायकल मिळाली. धाकट्यांचा क्लेम नामंजूर. त्यांनी फोनवर भांडण मांडलं, “कुलूप लावलं होतं! दोन्ही किल्ल्या माझ्या हातात आहेत!” पलीकडून शांतपणे उत्तर आलं, “किल्ल्या आहेत हो साहेब, पण सायकल उचलून नेता येत होती ना.” त्या दोन किल्ल्या अजून त्यांच्या टेबलाच्या खणात आहेत. फेकून देत नाहीत.

तर कलम असं असतं. कंपनीनं मान्य केलेल्या दर्जाचं कुलूप, आणि जागचा न हलणारा आधार. फ्रेम आधाराला बांधायची, नुसतं चाक नाही. गाडीच्या मागच्या रॅकवर ठेवलेल्या सायकलींनाही बऱ्याच पॉलिसी हेच लावतात.

वेळ संपत आली, आणि विमानाचं राहिलंच. सायकल विमानात मोडली तर विमान कंपनीची जबाबदारी माँट्रियल करारानुसार, आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाचा १९९९ चा करार आहे. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १५१९ विशेष आहरण अधिकार. हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक आहे. ही मर्यादा एका प्रवाशाच्या सगळ्या सामानाला मिळून, एकट्या सायकलला नव्हे. त्याहून सायकल महाग असेल तर सामान देतानाच जादा किंमत जाहीर करता येते, त्याचे पैसे पडू शकतात. उतरल्यावर खोका विमानतळावरच उघडा. वरून धड दिसतो म्हणून घरी नेऊ नका. मोडतोड दिसली तर तिथंच नोंदवा, आणि लेखी तक्रार ७ दिवसांच्या आत. सात दिवस, लक्षात ठेवा, आणि लेखी.

बॅटरीवाली सायकल असेल, तर १६० वॅट-तासांहून मोठी बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही, आणि या सायकलींची बॅटरी सहसा त्याहून मोठीच असते. तिथं भाड्याचीच घ्यावी लागते, आणि मग भाड्याच्या सायकलला तुमची पॉलिसी लागू आहे का, हा वेगळा प्रश्न.

तुमच्या सायकलची धडक बसून कुणी जखमी झालं, तर त्याच्या भरपाईचा भाग पॉलिसीत आहे का तेही पाहा. मला विचाराल तर चोरीपेक्षा हा भाग आधी वाचावा, कारण तिथं रकमेला अंत नसतो. शर्यतीत उतरणार असाल तर आधी कळवा, शर्यत बहुतेक पॉलिसी वगळतात. आणि पॉलिसीची शेवटची तारीख परतीच्या दिवसाच्या पुढची घ्या, विमानं उशिरा सुटतात.

नमस्कार.