थांबत थांबत पळणारी फिल्म

काचेमागे एक लाकडी पेटी, बाजूला फिरवायची दांडी. ल्युमिएर बंधूंचा सिनेमॅटोग्राफ. याच पेटीनं चित्रण करायचं, तिच्यातच प्रत काढायची आणि मागे दिवा ठेवून पडद्यावर दाखवायचंही. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमधल्या ग्रँड कॅफेच्या तळघरात ३३ माणसांनी पैसे मोजून तिची करामत पाहिली. दहा चित्रपट, एकेक जेमतेम पन्नास सेकंदांचा.

सिनेमा दुपारी आहे. सकाळ या प्रदर्शनासाठी राखली, आणि बरंच झालं.

मी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळले ते ३५ मिलिमीटरच्या प्रोजेक्टरपाशी. त्याचं झाकण उघडून ठेवलंय. इतकी वर्षं मला वाटायचं, फिल्म यातून सरसर धावत असणार. पण नाही. प्रत्येक चौकट भिंगासमोर येते आणि थांबते. अगदी स्थिर. मग झटक्यात पुढची. सेकंदाला २४ वेळा. लुई ल्युमिएर यांना ही युक्ती शिवणयंत्रावरून सुचली. सुई वर असताना कापड टाक्याएवढं सरकतं. सुई खाली येते तेव्हा ते जागच्या जागी असतं. घरोघरी टकटकणाऱ्या यंत्रात सिनेमा दडलेला होता, आणि तो त्यांना दिसला!

फिल्म सरकते त्या क्षणी फिरती झडप प्रकाश अडवते, नाहीतर पडद्यावर नुसते फराटे उमटतील. चित्र लुकलुकू नये म्हणून थांबलेल्या चौकटीवरूनही ती एकदा फिरते. म्हणजे सिनेमाचा जवळजवळ निम्मा वेळ आपण काळोख पाहत बसतो. मला हे फार सुंदर वाटलं.

दुपारचा खेळ. प्रत जुनी, फिल्मवरचीच. थोडे ओरखडे, मागून यंत्राची बारीक घरघर.

वीसेक मिनिटांनी पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका चमकला. याचा अर्थ सकाळीच कळला होता: रीळ संपत आलंय, ऑपरेटरनं दुसरं यंत्र चालू करायचं. काही सेकंदांनी दुसरा ठिपका, की अदलाबदल. आजवर असे किती ठिपके माझ्या डोळ्यांदेखत निसटले असतील!

पुढच्या रिळाला मी तयारीत होते. ठिपका दिसला तशी मागे वळले. केबिनच्या एका झरोक्यातला झोत विझला, शेजारच्या झरोक्यातून दुसरा निघाला. पुन्हा समोर पाहिलं.

पडद्यावरचा पाऊस पडतच होता.