सूर्याला घासून गेलेला धूमकेतू

[दृश्य: निळसर चित्र. मधोमध गोल तबकडी, तिच्याभोवती उजेडाचे झोत.]

मधली तबकडी मुद्दाम लावलेली आहे. तिच्याआड सूर्य आहे. १९९५ च्या डिसेंबरात निघालेलं ‘सोहो’ हे यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरून सूर्यावरच नजर ठेवून आहे. सूर्याचा झगमगाट झाकला, की त्याच्या अगदी लगतचंही दिसू लागतं. आता कडेला बघा. लांब शेपटी घेऊन एक ठिपका आत येतोय. त्याच्या डोक्यातून गेलेली आडवी पांढरी रेघ मात्र त्याची नाही. कॅमेऱ्याला एवढा उजेड पेलवला नाही, त्याची ती खूण.

हा धूमकेतू लव्हजॉय. डिसेंबर २०११.

[दृश्य: रात्रीचं आकाश, घराच्या आवारातली छोटी दुर्बीण.]

तो कुठल्या मोठ्या वेधशाळेला सापडला नव्हता. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळ राहणारे टेरी लव्हजॉय नोकरी करतात माहिती तंत्रज्ञानात आणि रात्री आकाश धुंडाळतात. आठ इंची दुर्बीण, तिला जोडलेला कॅमेरा. २७ नोव्हेंबरला काढलेल्या फोटोंत त्यांना एक धूसर ठिपका भराभर सरकताना दिसला. त्यांना शंका आली, कारण भिंगातली प्रतिबिंबंही अशीच फसवतात. दोन रात्रींनी त्यांनी पुन्हा फोटो घेतले. ठिपका होता. १ डिसेंबरला न्यूझीलंडच्या माउंट जॉन वेधशाळेतूनही तो टिपला गेला, आणि कक्षेचं गणित मांडल्यावर सगळेच सावरून बसले. हा क्रॉइट्झ घराण्यातला निघाला!

हाइनरिश क्रॉइट्झ हे जर्मन खगोलशास्त्रज्ञ. १८४३, १८८० आणि १८८२ चे मोठे धूमकेतू जवळजवळ एकाच वाटेने सूर्यापाशी आले, हे त्यांनी दाखवून दिलं. कधीकाळी फुटलेल्या एका प्रचंड धूमकेतूचे हे तुकडे आहेत. १९६५ चा इकेया-सेकी याच घराण्यातला. तोही दोन जपानी हौशी निरीक्षकांनी एकाच पहाटे, एकमेकांना न सांगता शोधला. सूर्याजवळ पोहोचला तेव्हा तो भरदिवसा दिसला होता. जमिनीवरून या घराण्यातला धूमकेतू सापडून आता चाळीस वर्षं उलटली होती.

[दृश्य: सूर्याचा काठ, अतिनील प्रकाशात.]

सूर्याच्या पृष्ठभागापासून तो जेमतेम १ लाख ४० हजार किलोमीटरवरून जाणार होता. पृथ्वी ते चंद्र अंतराच्या निम्मंसुद्धा नाही. वाटेत प्रभामंडळ, म्हणजे सूर्याभोवतीचं विरळ वायूचं आवरण. तिथलं तापमान दहा लाख अंशांच्या वर. बर्फाचा आणि धुळीचा हा गोळा यातून वाचणार नाही, असंच जाणकारांचं मत होतं, आणि त्या मताला आधारही होता. ‘सोहो’ला दिसलेले बहुतेक क्रॉइट्झ धूमकेतू सूर्यापाशी पोहोचायच्या आधीच वाफ होऊन संपले होते.

१६ डिसेंबर. आपल्याकडे पहाटेचे पावणेसहा. सेकंदाला ५०० किलोमीटरहून जास्त वेगाने लव्हजॉय सूर्याला वळसा घालतो.

[निवेदन थांबतं. फक्त चित्र.]

आणि पलीकडून बाहेर येतो!

शेपटी मागेच राहिली होती, ती अलीकडच्या बाजूला तरंगताना दिसत होती. डोकं एकटंच पुढे निघालं आणि काही तासांत त्याला नवी शेपटी फुटली. सूर्यावर नजर ठेवणाऱ्या नासाच्या ‘एसडीओ’ यानाच्या चित्रांत त्याच्यातून सुटलेला वायू सूर्याच्या चुंबकीय रेषा धरून उजळत जाताना दिसतो. जिथे त्या वेळी एकही यान पोहोचलेलं नव्हतं, तिथलं चुंबकीय क्षेत्र एका धूमकेतूने आखून दाखवलं. माझ्या लेखी या प्रवासातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

पण तो घाव त्याला सोसला नाही. दोनेक दिवसांत गाभा फुटला. नाताळच्या आठवड्यात दक्षिण गोलार्धात पहाटे जी लांबलचक शेपटी दिसली, तिला डोकं उरलेलं नव्हतं. अंतराळ स्थानकातून अंतराळवीर डॅन बरबँक यांनी ती पृथ्वीच्या काठावर उभी असताना टिपली.

लव्हजॉय थांबले नाहीत. जानेवारी २०१५ मध्ये कृत्तिकांजवळून गेलेला हिरवट धूमकेतू आपल्याकडूनही दिसत होता. तोही त्यांचाच.

[दृश्य: संगणकाचा पडदा, एकामागून एक सरकणारी ‘सोहो’ची चित्रं.]

आपल्याकडे पावसाळ्यात दुर्बिणी महिनोन्‌महिने झाकून ठेवाव्या लागतात. ‘सोहो’ला ढग आडवे येत नाहीत, आणि त्याची चित्रं सगळ्यांना खुली आहेत. त्यांतून मार्च २०२४ पर्यंत पाच हजार धूमकेतू सापडले, बहुतेक हौशी लोकांना. लव्हजॉय यांनीही सुरुवातीच्या काळात इथेच धूमकेतू शोधले.

करायचं ते असं. लागोपाठची चित्रं पुढेमागे फिरवत राहायची. एकाच चित्रात चमकून गेलेला ठिपका वैश्विक किरणांचा, म्हणजे अवकाशातून येऊन कॅमेऱ्यावर आदळणाऱ्या वेगवान कणांचा, तो सोडायचा. तारे सगळे मिळून एका चालीने सरकतात, तेही सोडायचे. या दोन्हींत न बसणारा, चार-पाच चित्रांत सरळ सूर्याकडे निघालेला एखादा फिकट ठिपका दिसला, की प्रत्येक चित्रातली त्याची जागा आणि वेळ नीट मोजायची आणि नोंद पाठवून द्यायची.